तैवानच्या आठवणींवर लिहायला निघालेल्या मुलीस

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. विषय चांगला आहे, मेहनतही दिसते, पण पहिल्या पानावरचा प्रश्न काढून टाक. ‘पन्नास वर्षं गुलामीत काढूनही तैवानी माणसाला जपान का आवडतो?’ हे तैपेईला उतरणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. उत्तरही ठरलेलं असतं: रेल्वे, शाळा, धरणं, शिस्त. त्या उत्तरावर पोसलेल्या लेखांचा ढीग पडला आहे, त्यात तुझ्या लेखाची भर नको.

त्याऐवजी तीन गोष्टी विचार. हा माणूस जपानी राजवटीची तुलना कशाशी करतोय? ती तुलना उघडपणे करायची मुभा त्याला कधी मिळाली? आणि 1945 नंतर त्याच्या घरात काय घडलं? एवढं विचारलंस तर अर्धा घोळ आपोआप सुटतो.

सनावळी थोडक्यात सांगतो. 17 एप्रिल 1895 च्या शिमोनोसेकी तहानं चीनच्या छिंग दरबारानं तैवान जपानला देऊन टाकलं. तैवानात राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. 25 ऑक्टोबर 1945 ला जपान्यांनी बेट चीनच्या प्रजासत्ताकाच्या, म्हणजे चियांग कै-शेकच्या सरकारच्या हवाली केलं. तेव्हाही कुणी विचारलं नाही. नव्या कारभाराला जेमतेम सोळा महिने झाले होते. 27 फेब्रुवारी 1947 च्या संध्याकाळी तैपेईत चोरटी सिगारेट विकणाऱ्या एका विधवेला सरकारी माणसांनी मारहाण केली, दुसऱ्या दिवशी निदर्शकांवर गोळ्या चालल्या, बेट पेटलं, आणि मार्चमध्ये मुख्य भूमीवरून आलेल्या फौजेनं कत्तल केली. ‘228’, म्हणजे 28 फेब्रुवारी, म्हणतात ते हेच. 20 मे 1949 पासून लष्करी कायदा लागू झाला, तो 15 जुलै 1987 ला उठला. 228 हा विषय तोवर घरातही दबक्या आवाजात निघायचा.

म्हणजे जपानी शाळेत शिकलेल्या पिढीला तोंड उघडता आलं तेव्हा ती साठीला टेकली होती आणि तिच्या पदरी दोन राजवटींचा हिशेब जमा होता. ‘कुत्रं गेलं, डुक्कर आलं’ ही तिथली तेव्हाची म्हण. कुत्रं चावतं, पण घर तरी राखतं. डुक्कर नुसतं खातं. या म्हणीत जपानला कुत्रंच म्हटलंय, हे पर्यटक विसरतात. नव्वदच्या दशकात एखादा म्हातारा ‘जपानी पोलीस लाच घेत नसे’ असं म्हणायचा तेव्हा त्याला बहुतेक वेळा 1946 च्या पोलिसाबद्दल बोलायचं असायचं. जपानचं कौतुक हे कित्येकदा कुओमिंतांगवरच्या, म्हणजे चियांगच्या पक्षावरच्या, तक्रारीचं सभ्य रूप होतं. सगळं तसंच होतं असं मात्र धरून चालू नकोस; काहींना तो काळ खरोखरच आवडत होता, कारण त्यांचं तरुणपण त्या काळात गेलं.

कोरियाशी तुलना तू दोन पानं केली आहेस. ती अर्ध्या पानात आण. सोलला जपानी गव्हर्नर जनरलची कचेरी 1926 मध्ये ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात, मुख्य दालनाचं तोंड झाकेल अशी बांधली होती. 15 ऑगस्ट 1995 ला, मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षदिनी, तिच्या घुमटाचा कळस उतरवून ती पाडायला सुरुवात झाली. तैपेईतली तशीच कचेरी 1919 मध्ये पूर्ण झाली आणि तिच्यात आज राष्ट्राध्यक्ष बसतात. यावरून ‘कोरियन स्वाभिमानी, तैवानी मवाळ’ असा निष्कर्ष काढलास तर तोंडावर आपटशील. कोरियात राजघराणं होतं, राजधानी होती, एक राष्ट्र असल्याची जाणीव जपानच्या आधीपासून होती. इमारत उभी होती ती त्या राजवाड्याच्या छातीवर. तैवानात झाकण्यासारखा राजवाडाच नव्हता. शिवाय सोलचं जुनं रेल्वे स्थानक आणि नगरपालिकेची 1926 ची इमारत कोरियन लोकांनी पाडली नाही; नगरपालिकेच्या त्या इमारतीत 2012 पासून ग्रंथालय आहे. आणि तैवानातही प्रतिकार झालाच नाही असं नाही. ताइनानच्या डोंगराकडचं युजिंग हे गाव आज आंब्यासाठी प्रसिद्ध आहे, उन्हाळ्यात लोक तिथं आंब्याचा बर्फ खायला जातात. त्याच परिसरात 1915 मध्ये तापानीचा उठाव झाला आणि जपानी न्यायालयानं 866 जणांना देहदंड सुनावला. नव्वदच्या वर माणसं फासावर गेल्यानंतर उरलेल्यांची शिक्षा कमी झाली.

आता कामाचं. पहिलं, तारखा वाचायला शीक. आपण शके म्हटलं की 78 मिळवतो, तसंच तिथं पाटीवरच्या वर्षात किती मिळवायचे हे पाठ हवं: जपानी सम्राटांच्या शकांपैकी मेइजीत 1867, ताइशोत 1911, शोवात 1925, आणि प्रजासत्ताकाच्या मिंगुओ वर्षात पुन्हा 1911. ताइशो आणि मिंगुओ दोन्ही 1912 ला सुरू झाले, त्यामुळे त्यांचे आकडे जुळतात. शोवाचे जुळत नाहीत. शोवा 12 म्हणजे 1937, मिंगुओ 12 म्हणजे 1923. हे महत्त्वाचं अशासाठी की युद्धानंतर देवळांच्या खांबांवरची, पुलांच्या कठड्यांवरची जपानी शकांची नावं खरवडली गेली किंवा सिमेंटनं बुजवली गेली, आणि काही ठिकाणी वर मिंगुओ कोरलं गेलं. 1972 मध्ये जपाननं बीजिंगला मान्यता देऊन तैवानशी संबंध तोडल्यावर हा राग नव्यानं उसळला, आणि 1974 मध्ये तर सरकारनं वसाहतवादी खुणा पुसण्याचा रीतसर आदेश काढला. तेव्हा एखाद्या दगडावर नुसता आकडा उरला असेल तर तिरक्या उजेडात, सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर, फोटो काढ. बुजवलेल्या अक्षरांची कड तेव्हा दिसते. भर दुपारी दगड सपाट दिसतो. आणि खरवडल्याचं वर्ष शोध. ते बांधकामाच्या वर्षाइतकंच बोलतं.

दुसरं, बेटभर भटकण्याआधी एकच बाग नीट बघ: तैपेईतलं 228 शांती स्मारक उद्यान. चार दिवस तिथंच घालव. आत छिंग काळातल्या दोन दगडी कमानी आहेत. जपान्यांनी रस्ते रुंद करताना त्या मूळ जागेवरून हलवून इथं आणल्या. उत्तरेच्या टोकाला ग्रीक खांबांचं राष्ट्रीय तैवान संग्रहालय आहे. ते 1915 मध्ये पूर्ण झालं, गव्हर्नर जनरल कोदामा गेंतारो आणि मुलकी प्रशासक गोतो शिंपेई यांचं स्मारक म्हणून, आणि माझू देवीचं देऊळ पाडून मोकळ्या केलेल्या जागी. दोघांचे ब्राँझचे पुतळे खालच्या दालनातल्या कोनाड्यांत होते. युद्धानंतर ते उतरवून आत ठेवले गेले, 2008 पासून वरच्या मजल्यावर पुन्हा मांडले आहेत, पण ‘प्रदर्शनातली वस्तू’ म्हणून. कोनाडे आजही तिथंच आहेत. त्यांच्यात आता काय ठेवलंय ते बघ. बाहेर दारापाशी दोन काशाचे बैल आहेत, पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. ते युआनशानच्या टेकडीवरच्या मोठ्या शिंतो देवळातून आले. ते देऊळ गेलं आणि त्या जागी 1952 मध्ये ग्रँड हॉटेल आलं, चिनी राजवाड्याच्या थाटाचं. बैलांचं काय करायचं हे कुणी ठरवलं नसावं, म्हणून ते वाचले असावेत. हा माझा तर्क, टिपेत घालू नकोस.

बागेच्या मधोमध, तळ्याकाठी, साठच्या दशकात चिनी धाटणीचे मंडप उभारले गेले. सरकारला ही बाग चिनी दिसायला हवी होती. आणि कडेला जपानी काळातलं रेडिओ केंद्र. 1947 च्या त्या दिवशी जमावानं इथूनच बातमी बेटभर पोचवली. 1997 पासून त्यात तैपेई शहराचं 228 संग्रहालय आहे. बागेतलं स्मारक 1995 चं. त्या दिवशी ली तेंग-हुई यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून माफी मागितली. पण स्मारक दोन वर्षं कोरीव लेखाविना उभं होतं. दोष कुणाचा, शब्द कोणते, यावर एकमत होईना. 1997 मध्ये लेख बसला आणि लगेच कुणीतरी तो उखडला. कोरलेला मजकूर तर सगळेच उतरवून घेतात. तू त्या दोन कोऱ्या वर्षांमधली वर्तमानपत्रं काढ.

इथं एक नेहमीची चूक होते. शहराचं 228 संग्रहालय आणि नानहाई रस्त्यावरचं राष्ट्रीय 228 संग्रहालय या दोन वेगळ्या संस्था आहेत. दुसरं 2011 मध्ये उघडलं, तेही जपानी काळातल्याच इमारतीत. दोन्हीकडची मांडणी निरनिराळी आहे, पण टिपणं काढताना दोन्हींचा काला होतो. आकड्यांचंही तसंच. 1992 च्या सरकारी अहवालातला मृतांचा अंदाज 18,000 ते 28,000 असा आहे. भरपाईचे मंजूर दावे मात्र अडीच हजारांच्या आत, आणि त्यांत तुरुंगवास भोगलेलेही येतात. पहिला आकडा लोकसंख्येच्या हिशेबातून काढलेला, दुसरा अर्ज करणाऱ्यांचा. वारस नाही, कागद नाही, भीती गेलेली नाही, अशी कित्येक घरं दुसऱ्यात येतच नाहीत. दोन्ही आकडे लिही आणि ते कसे निघाले तेही लिही. एकच उचललास तर तू नकळत एका पक्षाची प्रवक्ती होशील.

बागेतून बाहेर पडलीस की समोर राष्ट्राध्यक्षांची कचेरी. मनोरा 60 मीटरचा. कामाच्या दिवशी सकाळी लोकांना आत सोडतात. पासपोर्ट जवळ ठेव. ही इमारत 31 मे 1945 ला बाँबगोळ्यांनी फुटली. बाँब अमेरिकेचे. त्या दिवशी तैपेईत मेलेल्यांत तैवानी लोक खूप होते, पण नंतर आलेल्या सरकारसाठी अमेरिका मित्रराष्ट्र. मग या मेलेल्यांना रडायचं कुणी? कितीतरी वर्षं त्यांना सरकारी आठवणीत जागाच नव्हती. इमारत दुरुस्त झाली आणि चियांगच्या साठीनिमित्त त्याच्या दीर्घायुष्याची कामना करणारं नाव तिला मिळालं. समोरच्या रस्त्यालाही तेच. तो रस्ता 1996 मध्ये महापौर चेन श्वेइ-ब्यान यांनी केटागालान या आदिवासी जमातीच्या नावाचा केला. त्याच वर्षी बागेला 228 चं नाव मिळालं. आपल्याकडे व्हीटीचं नाव बदललं तेही 1996 च, पण या योगायोगातून काही ओढून काढू नकोस.

तिसरं, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते: एक जपानी कुटुंबनोंद मिळव आणि ती रकान्या-रकान्यानं वाच. 1905 मध्ये जपान्यांनी बेटाची शिरगणती केली आणि पुढच्या वर्षापासून प्रत्येक घराचं पान पोलिसांच्या देखरेखीखाली ठेवलं. त्यात नाव, जन्म, नातं हे तर आहेच. शिवाय चार रकाने असे आहेत की बघत राहावं. वंश: जपानी, फुकियेनी, क्वांगतुंगी, ‘शिजलेला’ रानटी (म्हणजे चिनी वळणाचा झालेला आदिवासी), ‘कच्चा’ रानटी (तसा न झालेला), प्रत्येकाला एक अक्षर. अफू: परवाना असेल तर खूण. बांधलेली पावलं: बाईची पावलं बांधलेली की सोडवलेली. देवीची लस: टोचली की नाही. एवढ्याशा चौकटीत सगळं वसाहतराज्य मावलंय. कुणाच्या पायात काय आहे आणि दंडावर कसला व्रण आहे, हे सुद्धा त्याला ठाऊक हवं होतं.

ही पानं आजही कुटुंबनोंदणी कार्यालयातून मिळतात, पण वंशजांनाच. तुला ती कुणाच्या तरी घरच्या माणसाबरोबर जाऊनच बघावी लागतील, आणि छापायची तर त्यांची लेखी परवानगी लागेल. पुढची गंमत अशी की हाच अपमानाचा शिक्का आता हक्काचा पुरावा झाला आहे. सपाटीवरच्या सिराया लोकांनी 1950 च्या दशकातली आदिवासी नोंदणीची मुदत हुकवली. पुष्कळांना ती कळलीही नव्हती, आणि काहींना त्या नावाची लाज वाटत होती. पुढे आदिवासी म्हणून मान्यता मागताना त्यांच्या हाती काय होतं? जपानी पोलिसानं पणजोबांच्या नावापुढे मारलेलं ‘शिजलेला’ हे अक्षर. 28 ऑक्टोबर 2022 ला तैवानच्या घटना न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. वारसा म्हणजे काय हे ज्याला एका कागदावरून समजून घ्यायचंय त्यानं हा कागद बघावा. मात्र सावध: त्या रकान्यात जे आहे ते पोलिसाला दिसलेलं आहे, माणूस स्वतःला जे म्हणवून घेत होता ते नव्हे. एकाच कुटुंबातल्या दोन भावांपुढे दोन अक्षरं सापडली तर गोंधळून जाऊ नकोस, नोंदीची तारीख आणि दत्तकाची नोंद बघ.

चौथं, हाट्टा योइची या जपानी अभियंत्याचं धरण. तुझ्या आराखड्यात ‘हाट्टामुळे ताइनानचा शेतकरी समृद्ध झाला’ असं सरळसोट वाक्य आहे. वुशानतौ धरण आणि च्यानान कालवा 1920 ते 1930 या काळात झाला, सुमारे दीड लाख हेक्टर भिजले, हे खरं. पण पाणी कसं दिलं जाई ते बघ. साधारण 150 हेक्टरचा एक पट्टा, त्याचे तीन भाग, आणि तीन वर्षांची पाळी: एका भागात भात, दुसऱ्यात ऊस, तिसऱ्यात बिनपाण्याची पिकं, रताळी वगैरे. पाणी सगळ्यांना पुरत नव्हतं, त्यामुळे पाळी हे अभियंत्याच्या दृष्टीनं शहाणपणच होतं. पण त्याच वेळी नव्या जातीच्या भाताला जपानात चांगला भाव मिळू लागला होता, आणि शेतकऱ्याला भात लावायचा असला तरी पाळी उसाची असे. ऊस विकायचा कुणाला? 1905 पासून प्रत्येक साखर कारखान्याला हद्द आखून दिलेली होती. त्या हद्दीतला ऊस त्याच कारखान्याला, त्यानंच ठरवलेल्या भावानं, त्याच्याच काट्यावर. ‘पहिला मूर्ख कोण, तर कंपनीच्या काट्यासाठी ऊस लावणारा’ ही म्हण तिथूनच आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला काट्याचं राजकारण वेगळं समजावून सांगायला नको. कालव्याच्या उत्तरेला अर्लिन इथं ऑक्टोबर 1925 मध्ये तोडणीआधी भाव सांगा म्हणून शेतकरी अडून बसले, मारामारी झाली, खटले झाले. त्यांच्या बचावासाठी 1927 मध्ये जपानहून वकील आला, फुसे तात्सुजी. कोरियन क्रांतिकारकांचेही खटले त्यानं लढवले होते. तेव्हा ‘जपानी’ असा एकच गठ्ठा बांधू नकोस.

धरणावर गेलीस की दोन गोष्टी बघ. काम करताना मेलेल्या 134 जणांचा दगड, ज्यावर जपानी आणि तैवानी नावं एकत्र, मृत्यूच्या क्रमानं आहेत. आणि जमिनीवर बसून विचार करणारा हाट्टाचा पुतळा. युद्धात धातू गोळा करताना तो लपवला गेला, 1981 मध्ये पुन्हा बसवला. एप्रिल 2017 मध्ये त्याचं मुंडकं कुणी कापून नेलं. काही दिवसांतच तैपेईजवळच्या यांगमिंगशानवर चियांगच्या एका पुतळ्याचं मुंडकं गेलं. हाट्टाचं डोकं 8 मे च्या आत, म्हणजे त्याच्या पुण्यतिथीआधी, पुन्हा जोडलं गेलं. मानेवरचा सांधा जवळून बघ.

चियांगच्या पुतळ्यांचं पुराण मोठं आहे, त्यात फार अडकू नकोस. शाळा-कचेऱ्यांतून काढलेले दोनशेच्या वर पुतळे ताओयुआनमधल्या त्सीहू इथं एका बागेत उभे आहेत, एकमेकांकडे बघत. काळा घोडा चौकातून निघून भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, त्यातलाच प्रकार. तैपेईतल्या चियांगच्या स्मारकभवनाचं नाव 2007 मध्ये बदललं, 2009 मध्ये पूर्ववत झालं. पुतळ्यासमोरचा सैनिकी पहारा 2024 मध्ये बाहेर हलवला. ही नावं नि पहारे वर्तमानपत्रांत खूप येतात, म्हणून नवखे लेखक तिथंच घुटमळतात.

त्यापेक्षा डोंगरातल्या वूशे गावाला वेळ दे. 27 ऑक्टोबर 1930 ला मोना रुदाओच्या नेतृत्वाखाली सिडिक आदिवासींनी शाळेच्या क्रीडा मेळ्यावर हल्ला करून 134 जणांना मारलं. जपान्यांनी विमानं, तोफा लावून सूड घेतला. कुओमिंतांगनं मोना रुदाओला जपानविरोधी चिनी देशभक्त करून टाकलं. 2001 मध्ये तो वीस डॉलरच्या नाण्यावर आला. पण 1931 च्या एप्रिलमध्ये, शरण आलेल्या सिडिकांवर रात्री हल्ला झाला तो जपान्यांच्या बाजूनं लढलेल्या तोदा लोकांचा, तेही सिडिकच. उरलेल्या तिनेकशे जणांना डोंगरावरून खाली कावानाकाजिमा इथं हलवलं, आणि दहा-बारा वर्षांनी तिथलीच पोरं जपानी सैन्यातून दक्षिणेच्या जंगलांत लढायला गेली. देशभक्तीच्या साच्यात यातलं काहीच बसत नाही. त्या गावांमध्ये दोन्ही बाजूंची नातवंडं आज शेजारी राहतात. मुलाखतीत ‘तुमचे आजोबा कोणत्या बाजूला होते’ हा प्रश्न पहिल्या भेटीत काढायचा नाही.

आमिस जमातीचा सुनिओ तर तुझ्या अख्ख्या प्रकरणाला पुरेल. जपानी सैनिक म्हणून तो नाकामुरा तेरुओ. डिसेंबर 1974 मध्ये इंडोनेशियाच्या मोरोताई बेटावर तो जंगलात एकटा सापडला, तेव्हा युद्ध संपून 29 वर्षं झाली होती. त्याच वर्षी सापडलेल्या जपानी अधिकाऱ्याचं तोक्योत जंगी स्वागत झालं होतं. याला थकबाकी म्हणून निघाले 68,000 येन, कारण तो आता जपानी नागरिक नव्हता. ओरड झाल्यावर रक्कम वाढली. 1975 मध्ये घरी आला तर त्याला एक तिसरं नाव लावलं गेलं होतं, ली क्वांग-हुई, आणि त्याच्या बायकोनं दुसरं लग्न केलं होतं. जपानी सैन्यात दोन लाखांच्या वर तैवानी होते, तीसेक हजार मेले. दुसरीकडे 1949 च्या आसपास चियांगबरोबर आलेल्या दहा-बारा लाखांच्या घरांत जपान म्हणजे नानजिंगची कत्तल आणि चोंगछिंगवरचे बाँब. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांचे आजोबा एकाच युद्धात समोरासमोर होते, आणि शाळेच्या पुस्तकात 1997 पर्यंत त्यांतल्या एकाच आजोबांचं युद्ध होतं. त्या वर्षी तैवानचा इतिहास स्वतंत्र विषय म्हणून माध्यमिक शाळेत आला, आणि पहिल्याच पुस्तकावर ‘जपानचं गुणगान’ म्हणून मोर्चे निघाले.

मुलाखतींबद्दल. जपानी शाळेत गेलेली माणसं आता नव्वदीच्या पुढे आहेत, वेळ थोडा आहे. ‘जपानी काळ कसा होता?’ हा प्रश्न विचारला की घोटून ठेवलेलं उत्तर मिळतं. शाळेचं नाव विचार: 1941 पर्यंत तैवानी मुलांची शाळा वेगळी आणि जपानी मुलांची वेगळी होती, भिंतीपलीकडे कोण खेळत होतं ते आपोआप निघतं. घरात नाव बदललं का विचार. कोरियात 1940 च्या फर्मानानंतर सुमारे 80 टक्के घरांनी जपानी नाव लावलं; तैवानात त्यासाठी परवानगी लागे, घरात जपानी बोलता यावं लागे, त्यामुळे ती फार थोड्यांना मिळाली आणि काहींना ती प्रतिष्ठा वाटली. मग विचार: 1946 मध्ये शिक्षक कोणत्या भाषेत शिकवू लागले? इथं बहुतेक माणसं थांबतात. त्यांना थांबू दे, लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस.

दुभाषी म्हणून नातवाला बसवू नकोस. आजोबा होक्कियेन किंवा हाक्का बोलतील, मधेच जपानी शब्द, नातू सगळं सपाट मँडरिनमध्ये तीन वाक्यांत आटपेल. ध्वनिमुद्रण पूर्ण कर आणि नंतर त्या भाषेच्या जाणकाराकडून उतरवून घे. तासाभराच्या बोलण्याला सात-आठ तास धर. तुझी मँडरिन कितीही चांगली असली तरी सुरुवातीला ती त्या घरात सरकारची भाषा म्हणून ऐकली जाऊ शकते. तू भारतातून आलीस म्हटल्यावर एखादे आजोबा नेताजींचं नाव काढतील. 18 ऑगस्ट 1945 चा विमान अपघात तैहोकूचा, म्हणजे तैपेईच्याच विमानतळावरचा. त्यांना बोलू दे, पण तो विषय तुझ्या लेखात ओढू नकोस.

दप्तरं तीन ठिकाणी आहेत. गव्हर्नर जनरलच्या कचेरीचे तेरा हजारांच्या वर खंड नांतौमधल्या तैवान इतिहास संस्थेत आहेत. बरंचसं ऑनलाइन दिसतं, पण हस्ताक्षर वळणदार जपानी, ते वाचायला शिकायला सहा महिने घाल. जपानी काळातली छापील पुस्तकं झोंगहेच्या राष्ट्रीय तैवान ग्रंथालयात. नकाशांसाठी अकादेमिया सिनिका या संशोधन संस्थेचा शंभर वर्षांच्या नकाशांचा संग्रह: 1904 चा 1:20,000 चा नकाशा आजच्या नकाशावर ठेवून बघता येतो. कुठंही जाण्याआधी हे कर. आजची बाग काल काय होती ते घरबसल्या कळतं. तैपेईतल्या लिनसेन रस्त्यावरच्या बागेवर ते करून बघ: जपानी स्मशान, मग निर्वासित सैनिकांच्या झोपड्या, 1997 मध्ये बुलडोझर, मग हिरवळ, आणि 2010 मध्ये परत आणून उभे केलेले जपानी गव्हर्नर आकाशीच्या थडग्याचे तोरी, म्हणजे शिंतो कमानी.

लष्करी कायद्याच्या काळातल्या खटल्यांच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत पन्नासच्या दशकात गोळी घातलेल्यांची शेवटची पत्रं सापडली. ती कुटुंबांना कधी दिलीच नव्हती. एका नातीनं 2008 मध्ये फाइल मागितली म्हणून कळलं, मूळ पत्रं 2011 मध्ये घरी पोचली. त्यातलं एक पत्र बापानं आईच्या पोटातल्या मुलीला लिहिलेलं होतं, तिनं ते वाचलं तेव्हा ती साठीला आली होती. अशा फायलीत खबऱ्यांची नावंही असतात, कधी झाकलेली, कधी राहून गेलेली. तुला एखादं दिसलं तर ते कुठंही लिहू नकोस, नोंदवहीतसुद्धा नाही. तो खबऱ्या कदाचित छळानंतर खबऱ्या झालेला असतो, आणि त्याचं घर त्याच गल्लीत असतं.

वेळापत्रक असं लाव. जुलै ते सप्टेंबर वादळांचे, डोंगरातले रस्ते तुटतात, तेव्हा ग्रंथालयं. 27 ऑक्टोबर वूशे. आदिवासी गावात संशोधन करायचं तर 2005 च्या आदिवासी मूलभूत कायद्यानुसार गावाची संमती लागते, आणि ती ग्रामसभा बसेल तेव्हा मिळते; अर्ज आत्ताच टाक. 28 फेब्रुवारीला तैपेई, 8 मे ला वुशानतौ. आराखड्याचं नवं पहिलं पान पाठवशील तेव्हा सोबत एका कुटुंबनोंदीचे चार रकाने उतरवून पाठव, नावं गाळून. बाकीचं त्यानंतर बघू.

तुझा,
जुना शिक्षक